पाईकचा वाकडा दात

बहारीनमध्ये, मनामाच्या बाजारामागे आमचा दवाखाना होता. पुढच्या खोलीत डॉक्टर बसत आणि मागच्या खोलीत मी. पुढे एसी, मासिकं आणि रंगीत माशांची काचेची पेटी. मागे प्लास्टरचा फुफाटा, वितळलेल्या मेणाचा वास आणि एक टेबलफॅन, तोही धूळ उडते म्हणून बहुतेक वेळ बंद. डॉक्टर दात काढत, तोंडाचं माप घेत आणि ते माझ्याकडे पाठवत. मी त्यात प्लास्टर ओतून जबडा तयार करायचा आणि त्यावर कवळी घडवायची. माणूस मला दिसतच नसे. जबडा तेवढा दिसे. अशी बारा वर्षं काढली आणि एकही कवळी परत आली नाही. हे मी तेव्हा ओळख झालेल्या प्रत्येकाला पाच मिनिटांच्या आत सांगत असे. आता सांगत नाही.

आमची पुष्कळशी गिऱ्हाइकं म्हणजे सुट्टीवर निघालेली आपली माणसं. अस्करच्या अॅल्युमिनियमच्या कारखान्यात भट्टीपुढे राबणारे, ट्रक चालवणारे, हॉटेलात कपडे धुणारे. दोन-तीन वर्षांनी गावी जायचं तर हातात घड्याळ हवं, डोळ्यांवर गॉगल हवा आणि बोटीवरून किंवा एसटीतून उतरल्यावर हसायला तोंडात नीट दात हवेत. माझा दात वाकडा होता, तसाच वाकडा परत द्या, असं म्हणणारा मला एकही भेटला नव्हता. त्यामुळे डॉक्टर चिठ्ठीवर काहीही लिहोत, मी दात सरळच बसवायचो. पुढे आलेला मागे घ्यायचो, तिरका वळवायचो, फट असली तर बुजवायचो. माणूस आरशात बघून खूश होई आणि डॉक्टर आत डोकावून म्हणत, ‘‘रावजी, गुड.’’ मला तेवढं पुरत असे.

१९८३च्या जानेवारीत व्हर्नन पाईकचा जबडा माझ्याकडे आला.

पाईक हा इंग्रज माणूस. समुद्राकाठच्या एका हॉटेलात तो ट्रम्पेट वाजवायचा. त्याच्या जोडीला पियानोवर एक फिलिपिनो, ड्रमवर एक गोवेकर आणि मोठ्या उभ्या बास व्हायोलिनवर आणखी एक इंग्रज. चौघं मिळून जॅझ वाजवत. एकतीस डिसेंबरच्या पार्टीत एक पाहुणा नाचता नाचता स्टेजवर चढला आणि तोल जाऊन थेट पाईकच्या ट्रम्पेटवर आदळला. ट्रम्पेट त्या वेळी पाईकच्या ओठांवर होतं. वरचा ओठ फाटला, पुढचा एक दात अर्ध्यावर तुटला आणि शेजारचा मुळापासून हलला. दोन्ही काढावे लागणार होते. काढण्याआधी डॉक्टरांनी माप घेतलं आणि चिठ्ठीवर लिहिलं : वरचे पुढचे दोन. हुबेहूब आधीसारखे. पेशंट ट्रम्पेट वाजवतो.

मी जबडा ओतून हातात घेतला. हललेला तो दात मुळातच वाकडा होता. एक कड शेजारच्या दातावर चढलेली, दुसरी कड ओठाच्या बाजूला बाहेर आलेली. फार नाही, दीड मिलिमीटर असेल. पण माझ्या डोळ्यांना ते चित्राच्या वाकड्या चौकटीसारखं खुपलं. चिठ्ठी मी वाचली नाही असं नाही. वाचली आणि हसलो. कुडाळजवळच्या आमच्या गावात देवळापुढे शंभू नावाचा म्हातारा सनई वाजवायचा. त्याच्या तोंडात औषधालाही दात नव्हता, तरी तो अशी सनई वाजवायचा की पालखी उचललेली माणसं पाय टाकायची थांबत. दातांनी कोण वाजवतं? फुंकायला दात कशाला हवेत? असा माझा हिशेब. मी प्लास्टरचे ते दोन दात करवतीने कापून काढले आणि त्या जागी दोन सुंदर, सरळ, एकमेकांना शोभतील असे दात बसवले.

कवळी पाईकच्या तोंडात गेली त्या दिवशी डॉक्टर मागच्या खोलीत आले.

‘‘रावजी, पेशंट विचारतोय, हे अगदी आधीसारखेच आहेत ना? त्याला जरा वेगळे वाटतायत.’’

त्या क्षणी खरं बोलणं सोपं होतं. दोन दिवसांचं काम, दुसरी कवळी केली असती. पण बारा वर्षांत एकही परत आली नव्हती.

‘‘मॉडेलवरूनच केलेत, सर. तसेच आहेत,’’ मी म्हणालो.

मॉडेल मागायचं डॉक्टरांच्या मनात आलं नाही. आलं असतं तरी त्यावरचे दात मी कापून केव्हाच टोपलीत टाकले होते. ते पुढे गेले आणि पेशंटला म्हणाले, अजून सूज आहे, म्हणून वेगळं वाटतंय.

त्यानंतर तीन आठवडे पाईक दर शनिवारी येत राहिला. आमचा रिसेप्शनवरचा इलियास मला बातमी देई. इलियास श्रीवर्धनचा. कोण आलं, कोण गेलं, कुणाचा व्हिसा अडकला, सगळं त्याला ठाऊक.

‘‘तुझा भोंगेवाला आज पण आला होता,’’ तो म्हणायचा. ‘‘आवाजच निघत नाही म्हणतो. नुसती हवा जाते म्हणे.’’

‘‘ओठ फाटलाय त्याचा. वेळ लागणारच,’’ मी म्हणायचो.

चौथ्या शनिवारी माझ्या खोलीचं दार उघडलं आणि पाईक स्वतः आत आला. उंच, सडपातळ, पन्नाशी ओलांडलेला माणूस. केस पांढरे, पण नीट तेल लावून मागे वळवलेले. माझे दात करणारा माणूस मला बघायचाय, असं त्याने इलियासला सांगितलं होतं. त्याने प्लास्टरने माखलेला माझा हात हातात घेतला.

‘‘आयुष्यात माझे दात इतके देखणे कधी नव्हते,’’ तो म्हणाला. ‘‘आभार मानायचे राहिले होते. दोष तुमच्या कामाचा नाही. माझा ओठ गेला. ट्रम्पेटवाल्याचा ओठ एकदा गेला की गेला. प्रत्येकाचा कधी ना कधी जातो.’’

त्याने कोटाच्या खिशातून चांदीसारखी चकचकीत एक वाटी काढली. ट्रम्पेटच्या टोकाला बसवतात ती, ओठ टेकवायची. ‘‘हे बघा. पंचेचाळीस वर्षं ही इथं आपोआप बसायची. आता राहतच नाही.’’ त्याने ती ओठावर टेकवली, दाबली, आणि ती हळूच एका बाजूला घसरली.

मला बारा वर्षांत कुणी जे शिकवलं नव्हतं, ते त्या घसरण्याने एका क्षणात शिकवलं. ओठ मऊ असतो. त्याच्यामागे दाताची भिंत असते. पाईकची वाटी वाकड्या दाताच्या त्या बाहेर आलेल्या कडेला टेकून बसत असे, आणि मी ती कड काढून गुळगुळीत फरशी घातली होती. शंभूची सनई वेगळी. ती ओठांत धरायची असते, ओठांवर दाबायची नसते. एवढी साधी गोष्ट. मला कळली आणि माझे कान तापले.

मी म्हणालो, ‘‘थँक यू, मिस्टर पाईक.’’ एवढंच म्हणालो. तो गेल्यावर मी पंखा लावला आणि सगळी खोली धुळीने भरून टाकली.

मग मी गप्प राहिलो. का, ते सांगतो, पण त्याने काही बरं होत नाही. व्हिसा दवाखान्याचा होता. डॉक्टरांशी खोटं बोललो होतो. आणि खरं म्हणजे ही दोन्ही कारणं मी नंतर शोधली. त्या गोऱ्या माणसाने माझ्या कामाला देखणं म्हटलं होतं आणि ते मला परत द्यायचं नव्हतं.

तीन आठवडे असे गेले. मार्चच्या सुरुवातीला एका दुपारी इलियास डबा घेऊन मागे आला.

‘‘खलास. तुझा भोंगेवाला चालला. हॉटेलवाल्यांनी महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हटलं होतं, पण त्यानेच जाऊन सांगितलं, मी संपलो, दुसरा माणूस बघा. त्यांनी दुसरा ग्रुप बोलावलासुद्धा. पुढल्या गुरुवारचं तिकीट.’’

त्या दिवशी घरी मला जेवण जाईना. मालूने, माझ्या बायकोने, दोनदा विचारलं तेव्हा सगळं सांगून टाकलं. ती ताटात माशांची आमटी वाढत होती, ती पळी तशीच धरून राहिली.

‘‘तेका खरा सांगलात?’’

‘‘नाही.’’

‘‘तो बिचारो आपल्या ओठाक दोष देता हा, आनी तुमी हयसर माशे खातात?’’ तिने माझ्यापुढचं ताट उचललं. खरोखर उचललं. ‘‘उद्या शुक्रवार. दवाखानो बंद. तेचो पत्तो इलियासभावजींक ठाऊक असतलो. जावा आनी सांगा. मगे जेवा.’’

पाईक सनाबिसमध्ये हॉटेलने घेतलेल्या एका घरात राहत होता. सकाळी गेलो तेव्हा तो बॅग भरत होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं. चिठ्ठीत काय लिहिलं होतं, मी काय केलं, डॉक्टरांना काय म्हणालो. माझं इंग्रजी एरवीच मोडकं, त्या दिवशी त्याचे तुकडे झाले. तो पलंगावर बसला. बराच वेळ हातातला मोजा गुंडाळत होता.

‘‘जुना दात आहे?’’

‘‘नाही.’’

‘‘मॉडेल?’’

‘‘कापलं.’’

‘‘तुम्हाला तसाच दात परत करता येईल?’’

मी म्हटलं, करता येईल. खरं तर मला माहीत नव्हतं.

तो ताबडतोब उठला. बूट घातले, ट्रम्पेटची पेटी उचलली. तो चिडेल, बोलेल असं मला वाटलं होतं, पण तो फक्त घाईत होता. माझ्या डोक्यावरचं ओझं गेलं. मला वाटलं, मिटलं.

बंद दवाखान्याच्या मागच्या खोलीत आम्ही बसलो. मेणावर दात बसवायचा, त्याच्या तोंडात घालायचा, त्याने वाटी टेकवून फुंकायचं, नुसती हवा गेली की बाहेर काढून गरम सुरीने दात जरासा सरकवायचा. सकाळपासून तिसऱ्या प्रहरापर्यंत आठ वेळा केलं. कधी वाटी घसरे, कधी ओठ चिमटे. आठवणीतून दात करणं म्हणजे अंधारात सुई ओवणं. शेवटी मी दिवा जवळ घेतला आणि म्हणालो, वरचा ओठ उलटा करा. आतल्या बाजूला फाटल्याचा व्रण होता, आणि व्रणाशेजारी एक कडक, पांढुरका घट्टा. सुताराच्या हाताला पडतो तसा. वाकड्या दाताच्या कडेने पंचेचाळीस वर्षांत तो पाडला होता. दात मी फेकला होता, पण त्याची जागा ओठाने जपून ठेवली होती. मी बारीक पट्टी घेऊन मोजू लागलो.

मेण थंड होईपर्यंत थांबावं लागे. तेव्हा पाईक बोलायचा. बोलायला त्याला मी हवा होतो असं नाही, वाट बघणं त्याला जमत नव्हतं, एवढंच.

तो उत्तर इंग्लंडातल्या कोळशाच्या खाणीच्या गावचा. गावात खाणकामगारांचा पितळी वाद्यांचा बँड होता. सातव्या वर्षी त्याच्या हातात कॉर्नेट, म्हणजे आखूड ट्रम्पेट, दिलं, कारण ते वाजवणारा माणूस खाणीत गेला आणि परत आला नाही. दुसरे दात येत होते तेव्हा तो रोज तीन तास वाजवत असे, म्हणून तो दात वाटीच्या कलाने वाकडा उगवला. सैन्यात गेला, तिथेही बँड. मग लंडनला आला आणि तळघरातल्या क्लबांत जॅझ वाजवू लागला. ‘‘चार वर्षं मी खरं वाजवलं,’’ तो म्हणाला. ‘‘माझ्या नावाने लोक येत. फार नाही, पण येत.’’ मग लग्न झालं, मुलगी झाली, आणि तो स्टुडिओत जाऊ लागला.

स्टुडिओतलं काम कसं असतं ते त्याने सांगितलं. सकाळी दहाला जायचं. स्टँडवर नोटेशन असतं, ते आधी कधी पाहिलेलं नसतं. लाल दिवा लागला की एकदाच आणि बिनचूक वाजवायचं. कधी सिनेमा, कधी साबणाची जाहिरात, कधी कुणा गायकाचं गाणं. एकला सुटायचं, दोनला दुसऱ्या स्टुडिओत हजर. वीस वर्षं. किती रेकॉर्डी झाल्या त्याचा पत्ता नाही. एकीवरही त्याचं नाव नाही.

‘‘इथल्याच बाजारात एका कॅसेटच्या दुकानात एक गाणं लागलं होतं,’’ तो म्हणाला. ‘‘मधला ट्रम्पेटचा तुकडा माझा. मी दुकानदाराला म्हटलं, हा मी आहे. तो म्हणाला, असेल, पण किंमत तीच.’’

मी हसलो. माझे दातही गावोगाव असेच बिननावाने हसत फिरतात, असं त्याला म्हणालो. तो हसला नाही.

मग यंत्रं आली. एकाच कीबोर्डात ट्रम्पेट, व्हायोलिन, ढोल, सगळं. टेलिफोन वाजायचा कमी झाला. बायको आधीच गेली होती. बहारीनचं सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं तेव्हा लोक म्हणाले, वाळवंटातल्या हॉटेलात जाऊन काय वाजवणार? ‘‘पण इथं मी वीस वर्षांनी पुन्हा मला हवं ते वाजवत होतो,’’ तो म्हणाला. ‘‘लोक जेवत असत, बोलत असत. तरी मी मला हवं ते वाजवत होतो. दोन वेळा कॉन्ट्रॅक्ट वाढवलं त्यांनी.’’

मेण थंड झालं होतं. मी दात उचलला आणि तो बोलायचा थांबला.

शनिवारी मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते खूप बोलले आणि ते सगळं बरोबर होतं. शेवटी म्हणाले, आधी त्याचं काम पूर्ण कर. रोज दुपारी एक ते चार दवाखाना बंद असे. त्या वेळात पाईक येई. सोमवारी मेणावरचा दात पहिल्यांदा बोलला. नुसत्या वाटीतून माशीसारखा गुंजारव निघाला आणि पाईकने डोळे मिटले. मंगळवारी मी मेणावरून पक्की कवळी केली, घासली, पण चकचकीत केली नाही. ती कड थोडी खरखरीत ठेवली. माझ्या हातून निघालेलं ते सर्वांत कुरूप काम असेल.

बुधवारी, त्याच्या विमानाच्या आदल्या दुपारी, त्याने ती तोंडात घातली आणि ट्रम्पेट उचललं. सुरुवातीला खालचे सूर, दबकत. मग एक लांबलचक सूर धरला आणि तो हलला नाही. मग तो वर गेला. मला जॅझ कळत नाही. पण शेल्फावरचे जबडे थरथरले ते मी पाहिलं. इलियास अर्धा डबा टाकून दारात येऊन उभा राहिला आणि ‘‘माशाल्ला’’ म्हणाला. पाईक कितीतरी वेळ वाजवत होता, चूक शोधत असल्यासारखा. चूक सापडली नाही. तेव्हा त्याने ट्रम्पेट खाली घेतलं.

मी हसऱ्या तोंडाने उभा होतो. शाबासकीची वाट बघत होतो म्हणा ना.

‘‘मी इथं तुमचा हात हातात घेतला होता,’’ तो म्हणाला, ‘‘तेव्हा तुम्हाला कळलं होतं?’’

मला ‘नाही’ म्हणता आलं असतं.

‘‘हो,’’ मी म्हणालो.

त्याचा चेहरा लाल झाला. इतके दिवस जो राग मला दिसला नव्हता तो तिथंच होता. त्याला माझे हात हवे होते तोवर त्याने तो बाजूला ठेवला होता.

‘‘त्यानंतर मी मुलीला पत्र लिहिलं. संपलं म्हणून. घरी दोन ट्रम्पेट होती, ती विकून टाक म्हटलं. तिने विकली. हॉटेलला मीच जाऊन सांगितलं.’’ पुढचं बोलताना त्याचा आवाज खाली आला. ‘‘ते सगळं ठीक आहे. पण रोज सकाळी मी आरशासमोर उभा राहून ह्या ओठाला शिव्या घालत होतो. पंचेचाळीस वर्षं ह्याने मला पोसलं. बाप मेला त्या दिवशीसुद्धा ह्याने मला दगा दिला नाही. आणि मी ह्याला शिव्या घालत होतो.’’

इलियास दारातून निघून गेला. मलाही जावंसं वाटलं, पण खोली माझीच होती, जाणार कुठे? मी ‘‘मिस्टर पाईक’’ म्हणून सुरुवात केली. त्याने हात वर केला आणि माझ्याकडे पाठ करून पुन्हा ट्रम्पेट ओठांना लावलं.

ह्या वेळी त्याने हळू वाजवलं. माझ्यासाठी नाही, हे माझ्यासारख्या अडाण्यालाही कळत होतं. तो आपल्या ओठाची समजूत काढत होता. एक सूर घ्यायचा, सोडायचा, थांबायचं, पुन्हा जवळ घ्यायचा. बाहेर बाजार उघडायची वेळ होत आली होती, शटरं वर जात होती, आणि तो थांबत नव्हता. मी टेबलाला टेकून उभा होतो. सॉरी म्हणायला तोंड उघडलं होतं, आणि तो इतकं चांगलं वाजवत होता की मध्ये बोलायचा मला धीर झाला नाही.